हरिहरेश्वर ते रत्नागिरी: पंचांग पाहून केलेला किनारी प्रवास

कोकणचा हा किनारा गाडीने करायचा तर नकाशाआधी पंचांग उघडा. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. तिथून सहा तास मागे-पुढे ओहोटी. आम्ही तृतीयेच्या सकाळी हरिहरेश्वर आणि चतुर्थीच्या दुपारी हेदवी धरलं, आणि दोन्ही ठिकाणी समुद्र हवा तसा भेटला.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग ओहोटीलाच करावा. दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि समोर लाटांनी कोरलेला, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा खडक उघडा पडलेला असतो. तासभर तिथून हलवेना. पण पाणी चढू लागलं की लगेच मागे फिरा. इथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत, आणि शेवाळावर पाय सहज निसटतो. पावसाळ्यात तर त्या वाटेला जाऊच नका.

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो, की रत्नागिरी जिल्हा सुरू. बाणकोट किल्ल्यावर जरूर थांबा; सावित्रीचं मुख आणि पलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर एका नजरेत येतो. वेळास नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायची असतील तर मुक्काम इथेच करा आणि घरगुती राहण्या-जेवणाचं आधी फोनवर ठरवा.

पुढे केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. या संपूर्ण प्रवासातला माझा सर्वात लाडका टप्पा हाच: कधी माडाच्या वाड्यांमधून, कधी समुद्राला खेटून जाणारा अरुंद रस्ता. समोरून एसटी आली की कुणातरी एकाला मागे घ्यावं लागतं, म्हणून हा भाग उजेडातच करा. रात्री आंजर्ल्यात राहिलो. हर्णैचा माशांचा लिलाव चुकवू नका. जून-जुलैत मात्र मासेमारीला बंदी असते.

दाभोळहून फेरीने धोपाव्याला गेलात तर चिपळूणचा लांबचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ती बदलते. गुहागरात जेवून हेदवीला निघालो. उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ म्हणजे काळ्या कातळातली अरुंद चीर. भरतीला लाट आत घुसते, कोंडते आणि एकदम उंच उसळते. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासच्या तिथींना जोर जास्त. ओहोटीला आलेल्यांना इथे नुसती फट दिसते. काठापासून दूर उभे राहा, मुलांचा हात धरा.

तवसाळला उतरण्याआधीचा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, ऑक्टोबरमध्ये गवताने आणि रानफुलांनी भरलेला असतो. फेरीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. फेरी चुकली तर भातगाव पुलावरून जावं लागतं. चतुर्थी गाठून निघालात तर एक अडचण आहे: संकष्टीला गणपतीपुळ्यात तुडुंब गर्दी असते, अंगारकीला तर विचारूच नका. शेजारच्या मालगुंडात, केशवसुतांच्या गावात, आधीच खोली घेतलेली बरी.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत भरून घ्या. नकाशे मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, सड्यांवर रेंज जाते. फेरीसाठी आणि खानावळींसाठी रोख पैसे लागतात.

आरे-वारेचा घाट सकाळी केला. वळणावर गाडी उभी करू नका, थोडं पुढे रुंद जागा पाहून थांबा. वरून किनारा कितीही शांत वाटला तरी इथे आणि गणपतीपुळ्यातही पोहायला उतरू नका. पाण्याची ओढ फार आहे. मुंबई-पुण्याला परतायचं असेल तर रत्नागिरी शहरात शिरायचीही गरज नाही, गणपतीपुळ्याहून निवळी फाट्यावर थेट महामार्ग मिळतो.