हातांचे काम

व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माणसाला सर्वांत आधी अडचण होते ती स्वतःच्या दोन हातांची. एरवी घरात, बाजारात, देवळाच्या सभामंडपात हेच हात कुणी न शिकवता बोलण्याच्या साथीला असतात. पण समोर रांगेने बसलेले श्रोते दिसले की ते ठेवावेत कुठे हा प्रश्न पडतो, आणि मग ते पाठीमागे बांधले जातात, खिशात जातात किंवा टेबलाची कड घट्ट धरून राहतात. यावर आपल्याकडे शाळेतच उपाय केला जातो, आणि माझ्या मते तो मूळ दुखण्याहून वाईट असतो.

गोव्यात फोंडा भागातल्या शाळांत होणाऱ्या मराठी वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अधूनमधून येतो. भाषण बाईंनी लिहून दिलेले असते आणि कोणत्या वाक्याला कोणता हात, हेही बाईंनीच बसवून घेतलेले असते. ‘मातृभूमी’ आली की उजवा हात छातीवर, ‘आकाश’ आले की दोन्ही हात वर, आणि ‘तरुणांनो, उठा’ आले की पंगतीला बसलेल्यांना पानावरून उठवावे असा आविर्भाव. मुलांचा आवाज खणखणीत असतो, पाठांतर चोख असते, तरीही काहीतरी खटकत राहते. खटकते ती वेळ. मुलगा ‘आकाश’ म्हणतो, मग त्याला हात आठवतो, आणि हात वर पोचेपर्यंत भाषण शेतकऱ्याच्या बांधावर उतरलेले असते. सहज बोलण्यात क्रम नेमका उलटा असतो. हात शब्दाच्या किंचित आधी निघतो आणि शब्दाबरोबर मुक्कामाला पोचतो. डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञाने बोलणाऱ्यांच्या चित्रफिती बारकाईने तपासून हेच नोंदवले आहे. विचार मनात आकार घेत असतानाच हात हलू लागतो, म्हणून मागाहून चिकटवलेला हात लहान मुलालाही ओळखू येतो.

हात केवळ पाहणाऱ्यासाठी हलत नाहीत, हे तर फोनवर कुणाला घराचा रस्ता सांगणाऱ्या माणसाकडे बघूनही कळते. पण याचा पक्का पुरावा १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो या संशोधिकांना असे आढळले की ज्यांनी आयुष्यात कुणाचा हात हललेला पाहिलेला नाही अशी जन्मांध मुलेही बोलताना हातवारे करतात, आणि समोरचा श्रोता अंध आहे हे ठाऊक असतानाही करतात.

मग प्रभावी हातवारे म्हणजे कोणते? याचे उत्तर मला म्हापशाच्या मासळी बाजारात जास्त चांगले मिळते. सकाळी विकल्या गेलेल्या इसवणाची, म्हणजे सुरमईची, लांबी सांगताना तिथली बाई दोन तळव्यांमध्ये हवेतले अंतर धरत नाही. ते अंतर दर खेपेला वाढते हे तिला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही माहीत असते. ती डावा हात सरळ पुढे ताणते आणि उजव्या तळव्याची कड कोपराच्या थोडी वर टेकवते. बोटांच्या टोकापासून त्या कडेपर्यंत मासा. यात फुगवायला जागाच नाही. मासळी ताजी आहे हे पटवताना ती हातवारे करत नाही, सरळ कल्ला उघडून लाल रंग दाखवते. आणि भावाची घासाघीस सुरू झाली की तिचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडून असतात, बोलते ती फक्त जीभ. आकार, अंतर, दिशा, वळण या गोष्टी शब्दाला नीट पेलत नाहीत. तेवढ्यापुरता हात उचलावा आणि बाकीच्या वेळी त्याला विश्रांती द्यावी, हे शहाणपण तिला कुठल्या शिबिरात मिळालेले नाही.

दिशेच्या बाबतीत तर हात जिभेपेक्षा भरवशाचा. पणजीतला एखादा पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल टॅक्सीवाला, ‘पुढे जाऊन डावीकडे वळा’ असे सांगत असेल आणि त्याचा हात उजवीकडे जात असेल, तर जाणता माणूस उजवीकडेच वळतो. मात्र समोरासमोर उभे राहून बोलताना एक अडचण असते. वक्ता भूतकाळाकडून भविष्याकडे जाताना हात आपल्या डावीकडून उजवीकडे नेतो, पण श्रोत्यांना तो उलटा सरकताना दिसतो. चांगला शिक्षक वर्गात हात मुद्दाम उलट दिशेने नेतो, आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही.

नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत, पण ती नटाची आणि नर्तकाची शिदोरी. चारचौघांत बोलणाऱ्याने त्यांतले घेण्याजोगे थोडेच आहे. ‘अभिनयदर्पण’ हा नृत्याभिनयावरचा जुना ग्रंथ लिहिणाऱ्या नंदिकेश्वराने मात्र हात जिथे तिथे दृष्टी, दृष्टी जिथे तिथे मन, असे म्हटले आहे आणि ते वक्त्यालाही लागू पडते. आपण आपल्या हाताकडे क्षणभर पाहिले, की श्रोतेही पाहतात.

गाव बदलले की हाताचा अर्थ बदलतो, आणि गोव्यासारख्या ठिकाणी हे ध्यानात ठेवावे लागते. तळवा खाली धरून बोटे हलवणे म्हणजे आपल्याकडे ‘इकडे या’. कळंगुटच्या किनाऱ्यावर आलेला परदेशी पाहुणा त्याचा अर्थ ‘चालते व्हा’ असा घेऊ शकतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून आपण फर्मास जेवणाला दाद देतो, ब्राझीलमध्ये ती शिवी ठरते. इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला गेलेल्या गोवेकराने तळवा स्वतःकडे ठेवून दोन बोटांनी ‘दोन चहा’ सांगितले, तर चहाऐवजी काय मिळेल ते सांगवत नाही.

हातांचा सर्वांत नेमका उपयोग मी पाहिला तो कीर्तनात. मंगेशी, कवळे, म्हार्दोळच्या उत्सवांत कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, सुदाम्याचे आख्यान लावतात. द्वारकेत पोचलेला सुदामा पोह्यांची पुरचुंडी लपवतो, तेव्हा जाणते बुवा फार काही करत नाहीत. कोपर बरगडीला घट्ट लावतात आणि खांदा जरासा आत घेतात. एवढ्यात पुरचुंडी दिसते, आणि तिच्याबरोबर सुदाम्याची लाजही दिसते. मात्र अलीकडे एका देवळात आयोजकांनी बुवांच्या हातात माइक दिला होता. एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात माइक. सुदाम्याने पोहे लपवावेत कसे? बुवांनी पोह्यांचे वर्णन केले, वेळोवेळी माइक तोंडापासून लांब गेला, आणि कृष्णाने पुरचुंडी ओढून घेतली ती श्रोत्यांना ना दिसली ना ऐकू आली. आमच्या उत्सव समित्या मांडवावर आणि रोषणाईवर सढळ हाताने खर्च करतात. त्यात कॉलरला लावायचा एक माइक सहज बसू शकेल.