हळूच धरा

रविवार, रात्री साडेअकरा.

आज बाबांना ‘सेन्ना’ दाखवला. ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेन्ना याच्यावरचा, असिफ कपाडियांचा २०१० सालचा माहितीपट. मी तिसऱ्यांदा बघत होते, बाबा पहिल्यांदाच. एसटीत ३० वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. शर्यतींचं त्यांना वेड नाही, पण गाडी कशी हाकतात ते बघायला सरसावून बसले.

यात खुर्चीत बसून आठवणी सांगणारं कुणी दिसत नाही. माणसांचे आवाज येतात, पडद्यावर मात्र सगळं त्या वेळचंच चित्रण. त्यामुळे सेन्ना आपल्यासमोर वावरत राहतो आणि पुढचं ठाऊक असल्याने आपलाच जीव टांगणीला लागतो.

१९९१ची, साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवरची शर्यत आली. साओ पाउलो त्याचं गाव, पण दोनदा जगज्जेता होऊनही मायदेशात तो एकदाही जिंकला नव्हता. शर्यत संपत आली आणि गिअरबॉक्सने दगा दिला. एकेक गिअर पडेनासा झाला, शेवटी उरला फक्त सहावा. वरून पाऊस. बाबा म्हणाले, “अगं, वळणावर खालचा गिअर पडला नाही तर गाडी उचलतच नाही. इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही.” त्यांचा डावा हात मांडीशेजारी नकळत गिअर शोधत होता.

तीन सेकंदांहूनही कमी फरकाने तो जिंकला. रेडिओवरची त्याची किंचाळी आनंदाची की वेदनेची, मला आजही ठरवता आलं नाही. खांदे इतके आखडलेले की तो कुणाला अंगाला हात लावू देईना. वडिलांना मात्र जवळ बोलावलं. हळूच धरा, म्हणाला. चषक उचलायला हात वर जाईनात, तरी कसाबसा डोक्यावर नेलाच.

फ्रेंच ड्रायव्हर अ‍ॅलन प्रॉस्टबरोबरच्या वैराचा भाग मला जड जातो. १९८९मध्ये जपानमधल्या सुझुकाला सेन्नावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. पण पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या वळणावर त्याने प्रॉस्टला धडक दिली, ते कितीही लाडका असला तरी पटत नाही.

मग इटलीतलं इमोला, १९९४. शुक्रवारी ब्राझीलच्याच बारिकेलोचा अपघात. शनिवारी ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर रोलँड रॅटझेनबर्गर अपघातात गेला. फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स सेन्नाला म्हणाले, सोड हे सगळं, मासे पकडायला जाऊ. त्याला सोडवेना. रविवारी, १ मेला, शर्यतीआधी तो गाडीत बसलेला दिसतो. डोक्यावर हेल्मेट नाही, नजर कुठेतरी लागलेली.

“याला कुणी उतरवत का नाही?” बाबांनी विचारलं.

टॅम्बुरेलोचं वळण आलं, जिथे अपघातात तो गेला, आणि मी याही वेळी मान खाली घातली. त्याच्या गाडीत नंतर ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. शर्यतीनंतर रॅटझेनबर्गरसाठी तो फडकवायचा त्याचा विचार होता. सेन्ना ३४ वर्षांचा होता.

बाबा पाणी प्यायला उठले. परत येऊन म्हणाले, “ते वडिलांना बोलावतो ना, तेवढं पुन्हा लाव.”

लावलं.