नवतप्यातली ओली भिंत

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. जुन्या टाऊन हॉलच्या ईशान्य कोपऱ्यातलं प्लास्टर फोडलं आणि आतली वीट ओली निघाली. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, आवारातल्या काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा, आणि इथे विटेवर बोट टेकवलं की गार चिखल लागायचा. याला आता महिना होत आला. फाईल अजून माझ्याच टेबलावर आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नगर परिषदेत अभियंता आहे. आमचं काम बांधायचं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धं वर्ष मोजमाप पुस्तकात जातं आणि उरलेलं नाल्यांत. टाऊन हॉल माझ्याकडे आला तोही पाडण्यासाठीच. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत पाडायला काढण्याचा, प्रस्ताव तयार होता, बाहेरच्या एका संस्थेचं स्ट्रक्चरल ऑडिट जोडलेलं होतं, शेरा 'अतिधोकादायक'. माझा तांत्रिक अभिप्राय तेवढा बाकी होता. त्या जागी व्यापारी संकुल उभं राहणार, खाली गाळे.

ऑडिट वाचून डोकं फिरलं. भिंतींवर रिबाउंड हॅमर मारून आकडे काढले होते. ते उपकरण काँक्रीटची मजबुती तपासायचं. चुन्यात बांधलेल्या विटेच्या भिंतीवर ते आपटून जो आकडा येतो त्याला अर्थ नाही. चुना सिमेंटपेक्षा मऊच असतो आणि तसाच असावा लागतो. इमारत जराशी हलली तर तो ती हालचाल सोसतो, बारीक चिरा कालांतराने स्वतःच भरून काढतो. वीस पानांच्या अहवालात 'चुना' हा शब्द एकदाही नाही. सही करणाऱ्याने इमारत कशाची आहे हेच पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याने मान वर करून छत तरी पाहायला हवं होतं. तीन-तीन फुटांवर लोखंडी गर्डर, दोन गर्डरांच्या मध्ये विटेची उथळ कमान, तिच्या शेजारी दुसरी, अशा सलग कमानी. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटते आणि दोघींचा रेटा एकमेकींत विरतो. टोकाच्या कमानींना असा शेजार नसतो, म्हणून तिथे लोखंडी सळ्यांनी ताण दिलाय. वर चुन्याचा कोबा. एका गर्डरवरचा रंग खरवडला तर उठावाची अक्षरं दिसली: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. सिडनीच्या बंदरावरचा 1932 साली खुला झालेला पूल याच कंपनीने बांधलेला. जमशेदपूरचं पोलाद निघू लागलं 1912 मध्ये. त्याआधी असं लोखंड बोटीने मुंबईला यायचं. नागपूरपर्यंत रेल्वे 1867 मध्येच पोचली होती. जाताना कापसाच्या गाठी नेणाऱ्या मार्गाने हे गर्डर आमच्या गावात आले असणार. शिडीवर उभा राहून मी ती अक्षरं दोनदा हाताने चाचपली.

हवेचाही विचार आहे. दक्षिण-पश्चिमेला खोल व्हरांडा, छताखाली झरोके, दीड हाताच्या भिंती. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या हॉलमध्ये पंख्याखाली बसवतं. आमच्या नव्या कार्यालयात एसी बंद पडला की लोक व्हरांड्यात येऊन उभे राहतात. मुंबई महापालिकेची, वास्तुविशारद स्टीव्हन्सने रचलेली 1893ची इमारत लोक मुद्दाम पाहायला जातात. आमच्या हॉलचं नाव कुठल्याही वारसा यादीत नाही, म्हणून त्याची किंमत जागेच्या चौरस फुटांवर ठरते.

आता त्या कोपऱ्याविषयी. तिथे तिरपी फट आहे आणि ऑडिटचा सगळा भर तिच्यावर. फट हलते का ते कळावं म्हणून मी गेल्या श्रावणात तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. माघात त्या तडकल्या. फट उन्हाळ्यात रुंदावत गेली. जुन्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, पावसाळ्यात ती दरवर्षी मिटते. म्हणजे दोष मातीत होता. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. पण मग एकच कोपरा का?

उत्तर पायऱ्यांत सापडलं. हॉलला पाच पायऱ्या होत्या, आज दोन दिसतात. रस्त्यावर रस्ता चढत गेला, वर पेव्हिंग ब्लॉक आले आणि जोत्यातले हवेचे झरोके जमिनीखाली गेले. त्याच कोपऱ्याशी आम्ही पाणपोई बसवली आणि सांडपाण्याला नाली दिलीच नाही. त्या कोपऱ्याखालची माती बारा महिने फुगलेली, बाकीची उन्हाळ्यात खाली बसते. भिंत मधोमध ताणली जाते.

आणि ते पाणी भिंतीत चढून आत कोंडलं ते बाहेरच्या सिमेंट प्लास्टरमुळे. त्या प्लास्टरचं अंदाजपत्रक अकरा वर्षांपूर्वी मीच केलं होतं. सरकारी दरसूचीत सिमेंट प्लास्टरचा आयटम तयार होता, चुन्याच्या कामाचा दर वेगळा काढत बसायला मला वेळ नव्हता. मोजमाप पुस्तकात माझं अक्षर आहे. जुनं पुस्तक काढून ते पान पाहिलं, त्या रात्री झोप लागली नाही.

सोबतचे गवंडी काका सत्तरीचे. विटेला लोणा लागला होता, त्यांनी नखाने खरवडून पूड माझ्या तळहातावर ठेवली.

"सायेब, चुना पाणी पेते अन् टाकते बी. सिमिटानं त्याचं तोंड बांधलं, मंग पाणी जाईन कुठी?"

"आता काय करायचं, काकाजी?"

"खालचं तीन फूट सोला. तसंच उघडं राहू द्या. घाई नोका करू."

त्याच दिवशी पाणपोईचा नळ बंद करून पाणी वळवलं आणि चारही बाजूंचं खालचं प्लास्टर काढायला लावलं. संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांसमोर बसलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय. पण उद्या कोणाच्या डोक्यावर काही पडलं तर सही तुमची असेल."

मी अडकलोय तो इथेच. त्या ओल्या भिंतीत दोन गर्डरांची टोकं बसलेली आहेत. बाहेर दिसणारा भाग गंजलाय, आत किती लोखंड शिल्लक आहे ते भिंत उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडायची तर आधी छताला लोखंडी टेकू हवेत, त्याला पैसा हवा, आणि पाडायच्या यादीतल्या इमारतीवर खर्च कोणी मंजूर करत नाही. काकाजींनी आपल्या साइटवरून चार टेकू उसने आणून दिले, ते त्या दोन गर्डरांखाली लावलेत. हॉलला कुलूप आहे.

अभिप्रायाची दोन पानं टाइप करून ठेवलीत. इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे असं त्यात लिहिलंय. गर्डरांचा परिच्छेद तीनदा बदलला.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला. काल सकाळी सातला टॉर्च घेऊन गेलो. नव्याने चिकटवलेल्या चार काचांपैकी तीन शाबूत होत्या. चौथीला केसाएवढी चीर होती, बरोबर गर्डरच्या टोकाखाली.