हायलो ते एग्मोंड: तीन विहिरींची वाट

माउलींची पालखी आळंदीहून निघाली की नेदरलँड्समध्ये मला घरात बसवत नाही. मग मी इथली एक वाट धरते, हायलो ते एग्मोंड-बिनन. उत्तर हॉलंडमधली ही दोन गावं. मधलं अंतर दीड-दोन तासांचं, आपल्या वारीच्या मानाने काहीच नाही. यंदा सोबत शेजारच्या आजी होत्या. लहानपणी त्या आईचं बोट धरून इथे यायच्या.

हायलो स्टेशनवरून आधी पांढऱ्या चर्चपाशी गेलो. तिथे विलिब्रॉर्डची विहीर आहे. हा 690 मध्ये समुद्र ओलांडून आलेला धर्मप्रसारक. त्याने प्रार्थना केली आणि पाणी लागलं, अशी कथा सांगतात. चर्च आता प्रोटेस्टंटांचं आहे, पण विहिरीचं नाव त्याचंच राहिलं.

गावाच्या दक्षिणेला संकटकाळी धावून येणाऱ्या मरियमचं स्थान आहे. माझं मन सगळ्यात जास्त इथे गुंतलं. 1573 मध्ये, स्पॅनिश सैन्याचा जवळच्या अल्कमार शहराला वेढा पडला त्या धामधुमीत, इथलं चॅपल उद्ध्वस्त झालं. पुढे कॅथलिकांच्या उघड उपासनेवर बंदी आली. आता तिथे मंदिर नव्हतं आणि पूजाविधीही नव्हते. तरी माणसं येत राहिली. पडक्या भिंतींभोवती गुडघ्यांवर रांगत प्रदक्षिणा घालायची. त्या भिंतीही नाहीशा झाल्या, तरी लोकांना जागा ठाऊक होती. 1713 मध्ये गुरांची भयंकर साथ आली, तेव्हा रुंक्सपुट्टे ही इथली जुनी विहीर पुन्हा वाहती झाल्याचं सांगतात. शेतकरी तिच्याकडे धावले. ज्याचं घर दुभत्यावर चालतं त्याला ती धाव वेगळी समजवावी लागत नाही. उघडपणे यात्रा सुरू व्हायला मात्र 1905 साल उजाडलं. आजींनी पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावली, बाटली भरली, झाकण दोनदा घट्ट केलं. चंद्रभागेचं पाणी आमच्या घरी असंच यायचं.

पुढची वाट सपाट. दोन्ही बाजूंना फुलशेती, पण ट्युलिपचा बहर केव्हाच ओसरलेला. समोरून समुद्राचा वारा येतो, वाळूच्या टेकड्यांपलीकडचा समुद्र मात्र दिसत नाही.

एग्मोंड-बिननजवळच्या शेतात आडेलबर्टची विहीर आहे. आडेलबर्ट हा विलिब्रॉर्डचा सोबती. आठव्या शतकात तो इथेच वारला आणि या वाळूतच पुरला गेला. दहाव्या शतकात विल्फसित नावाच्या जोगिणीला स्वप्नात दृष्टान्त झाला: माझ्या अस्थी इथून हलवा. इथला सरदार, काउंट पहिला डिर्क, याने थडगं उकरवलं, अस्थी नव्या मठात नेल्या आणि मोकळ्या झालेल्या खड्ड्यातून गोडं पाणी वर आलं.

हे ऐकताना मला एकनाथ महाराज आठवले. ज्ञानोबांनी त्यांना स्वप्नात सांगितलं, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ये आणि काढ. नाथ पैठणहून आळंदीला गेले. मी ही हकीकत आजींना सांगितली. त्या चालता चालता थांबल्या आणि विचारलं, "मग काढली का त्यांनी?"

"काढली," मी म्हटलं. मग कुठे त्यांनी पाऊल उचललं.

मठाचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या डिर्कने इथे बेनेडिक्टाइन साधू आणले, दगडी चर्च बांधलं. त्याने आणि त्याची बायको हिल्डेगार्ड हिने मठाला दिलेला नवव्या शतकातला शुभवर्तमानाचा ग्रंथ आज हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हे दोघं ग्रंथ वेदीवर ठेवताहेत, असं चित्र त्यातच काढलेलं आहे. हॉलंडच्या अनेक काउंटांना इथे मूठमाती मिळाली. हा मठही 1573 मध्येच जळाला. साडेतीनशेहून जास्त वर्षं इथे साधू नव्हते. 1935 मध्ये ते परत आले. आता ते मेणबत्त्या करतात, ठरल्या वेळी स्तोत्रं गातात. आडेलबर्टचे अवशेषही इथेच आहेत.

सायंप्रार्थनेला आम्ही मागच्या बाकावर बसलो. अर्धे साधू एक ओळ म्हणतात, समोरचे पुढची उचलतात. आपल्या भजनात झिलकरी धरतात तसंच. मला लॅटिन येत नाही, पण कुठे थांबायचं ते तिसऱ्या स्तोत्रापासून कळायला लागलं. बाहेर पडल्यावर आजींनी 25 जूनची, म्हणजे आडेलबर्टच्या सणाची, विचारणा केली. येणार आहे, असं मी तिथेच सांगून टाकलं.