पट ५८

२९ सप्टेंबर, परळ

उद्या ३० सप्टेंबर. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवायला, धरतात तो पट, म्हणजे मुलांची संख्या, उद्याचीच.

शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत ३. पट ५८ वर अडकला की पाच वर्ग दोघांच्या गळ्यात. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे उरलेल्या तीन. फळ्यावर चौथीचा भागाकार चालू असतो तेव्हा तिसरी शुद्धलेखन उतरवत बसते आणि पाचवी नुसतीच बसते. मग पालक म्हणतात इथे शिकवत नाहीत, आणि जूनमध्ये आणखी चार दाखले निघतात. तीन मुलं कमी पडली, एवढ्यावरून हे सगळं. फार जीव तुटतो.

कमी पडलेली ही मुलं कितीदा तरी रोज वर्गात हजर असतात, मोजली मात्र जात नाहीत. आधार वैध नसेल तर मूल संचमान्यतेत धरत नाहीत. नाव, लिंग, जन्मतारीख, तिन्ही जुळायला हवं. आधारवर नुसतं 'साहिल' आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांच्या नावासकट साहिल, की झालं अवैध. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात; पाचनंतर ते द्यावे लागतात, म्हणजे नेमके पहिलीच्या तोंडावर. हे काम जुलैतच उरकायला हवं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग लागते आणि दुरुस्ती वेळेत येत नाही. दुसरीकडून आलेल्या मुलाला जुन्या शाळेने यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीत, सोडलं का, तेही तेव्हाच पाहावं; नाहीतर मूल इथे आणि नाव तिथे.

बाकी पट का घटला, ते गिरणगावात कुणाला सांगायला नको. १९८२ चा संप, मग गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, घरं विरार-बदलापूरला गेली. त्याचं खापर मराठी शाळेच्या शिक्षकांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

गुणवत्तेचे आकडेही पट बघूनच वाचावेत. वर्गात ८ मुलं असतील तर दोघांना वाचता आलं नाही की २५ टक्के नापास दिसतात. त्यापेक्षा एकेकाला जवळ बसवून पाच मिनिटं वाचून घ्यावं. २८ मुलांना दोन तास वीस मिनिटं, दोन दिवसांत होतं. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र देऊ नये. तो पाठ असतो: बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी. न पाहिलेला चार ओळींचा उतारा द्यावा. तिथे अडलं तर पाटीवर तीन शब्द लिहावेत: सूर्य, चक्र, ट्रक. 'र' एकच, रूपं तीन. बहुतेकांची गाडी तिथेच अडते, आणि रोज दहा मिनिटं दिली तर महिन्याभरात सुटतेही.