जुनी वसई परत हवी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी वसईचा ख्रिस्ती आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, 'लहानपणीची ती साधी, भाविक वसई परत यावी असं वाटत असेल ना?' त्यांना 'हो'च ऐकायचं असतं.

माझं बालपण सत्तरच्या दशकातलं, नंदाखाल-निर्मळच्या पट्ट्यातलं. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली होती. वडिलांना मात्र लॅटिनमधल्या प्रार्थना पाठ होत्या. अर्थ विचारला की म्हणायचे, 'देवाला कळतो.' संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वाडीतली माणसं हातातलं काम थांबवून क्रूसाची खूण करायची. रात्री जेवणाआधी सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून जपमाळ. आम्ही पोरं पेंगायचो. जपमाळ संपली की घरातल्या प्रत्येक मोठ्याचा आशीर्वाद घ्यायचा. दुपारी ज्या काकांनी बांधावरून वडिलांशी भांडण केलं, त्यांचाही. काका तोंड वळवून, पण हात डोक्यावर ठेवून 'देव बरं करो' म्हणायचे.

हे सगळं भक्तीमुळेच होतं असं मी म्हणणार नाही. केळी आणि पानवेल बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या तळ्याच्या, पाण्यावर जगायची आणि बावखल एकट्याचं नसायचं. पावसाआधी गाळ काढायला सगळी आळी उतरायची, तोच गाळ वाडीत खत म्हणून पडायचा. काकांशी कायमचं वैर धरणं परवडणारंच नव्हतं. माया होती हो, पण तिच्याखाली पाण्याची पाळी होती. पुढे टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, काही खारट झाल्या, बरीचशी बावखलं बुजवून वर इमारती आल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हरित वसईसाठी लोक रस्त्यावर आले, ते यासाठीच. ते भांडण झाडांचं होतं, तसंच शेजाऱ्याचं होतं, असं मला आजही वाटतं.

आता दुसरी बाजू. त्या भाविक गावात कुपारी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या जातींचे ख्रिस्ती एकाच वेदीसमोर गुडघे टेकायचे, पण सोयरीक जातीतच. निर्मळच्या जत्रेला हिंदूंच्या बरोबरीने आम्ही बिनदिक्कत जायचो. वाडवळ ख्रिस्ती घरात मुलगी द्यायचा विषय मात्र निघत नसे. आणि आजी? पहाटेपासून वाडीत, मग चुलीपाशी. तांबडं लुगडं नेसून ती फोटोत फार शोभते. ते दिवस परत हवेत का, हे तिला कोणी विचारलं नाही.

म्हणून मी 'हो' म्हणत नाही. बावखल आणि काकांचा तो वळवलेल्या तोंडाचा आशीर्वाद, एवढं द्या. बाकीचं राहू दे. आमच्या पुतण्याची बायको वाडवळ आहे. रविवारी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आम्ही जपमाळ म्हणतो, आणि जेवणानंतर भांडी पुतण्या घासतो.