तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लॉक तोडून देता का?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन ही कामं रोजचीच. पण सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची: ‘भाऊ, याचं लॉक तोडून देता का जी?’ मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पैसे देतो ना, मग काहून नाही?’

लॉक कोणतं, यावर सगळं आहे. रिसेट केल्यावर फोन जुना गुगल आयडी मागत बसला, तर ते चोरीविरुद्धचं लॉक. अँड्रॉइड ५.१ बरोबर, म्हणजे २०१५ साली आलेलं. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. बाजारात खिशातून गेलेला फोन चोराला वापरता येऊ नये, यासाठीच ते आहे. बिल असेल तर बसा, आयडी आपण मिळून परत मिळवू. बिल नाही, डबा नाही, ‘मामानं दिला’ असं असेल तर राम राम.

हप्त्याच्या फोनचं लॉक वेगळं. विकतानाच त्यात फायनान्सवाल्यांचं अ‍ॅप बसवलेलं असतं आणि रिसेट मारूनही ते जात नाही. हप्ता चुकला की स्क्रीनवर थकलेली रक्कम, बाकी सगळं बंद. उधारी बुडू नये म्हणून देणारा काळजी घेणारच. पण हप्ता महिन्याचा आणि आमच्याकडचा पैसा हंगामाचा. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या मध्ये घरी येतं, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, तीही त्याच सुमाराला. पोळ्याच्या वेळी हातात काही नसतं, आणि नेमके तेव्हाच हे बंद पडलेले फोन माझ्या काउंटरवर येतात. त्याच दिवसांत खरिपाची ई-पीक पाहणी असते. २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा असतो. एकीकडे सरकार म्हणतं फोनशिवाय नोंद नाही, दुसरीकडे फोन म्हणतो हप्त्याशिवाय मी नाही. अशा वेळी सिम काढून शेजाऱ्याच्या फोनात घालून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

खरी चीड येते ती टॅबची. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी योजनेतून पोरांना टॅब मिळतात. आत फक्त शिकवणीचं अ‍ॅप. ब्राउझर नाही, प्ले स्टोअर नाही, पेनड्राइव्ह लावला तर दिसत नाही. वर्ग चालू असेपर्यंत हेही मान्य. पोट्टे रील पाहत बसतील ही भीती काही खोटी नाही. पण परीक्षा होते, कंत्राट संपतं, सर्व्हर बंद होतो. टॅब कागदोपत्री पोरांचा झालेला असतो, लॉक मात्र तसंच. विहीर बक्षीस दिली आणि मोटारीचा स्टार्टर स्वतःच्या घरी नेला, त्यातली गत.

नर्सिंगला गेलेल्या एका मुलीनं असा टॅब आणला होता. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी ठणठणीत, पाठीवर योजनेचं स्टिकर. तिला फक्त नोट्सच्या पीडीएफ उघडायच्या होत्या. पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं, रिसेट मारला. टॅबनं भाषा विचारली, वायफाय विचारलं, आणि वायफाय जोडताच संस्थेच्या नावाचं तेच लॉकचं पान पुन्हा हजर. कारण टॅबचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख-नंबर, वरच्या सर्व्हरवर ‘मॅनेजमेंट’च्या यादीत असतो. टॅबवर ताबा ठेवायची यादी ती हीच. नेट लागलं की टॅब आधी तिथं विचारतो, मी कोणाचा? तो नंबर ज्यानं यादीत टाकला त्यानंच काढायचा. त्याला मिनिटभराचं काम. पण स्टिकरवरची हेल्पलाइन कधीच बंद पडलेली.

‘मग दुसरी सिस्टिम टाका ना,’ असं कॉलेजची पोरं सुचवतात. हुशार आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाचा, कोड सगळ्यांना खुला असलेला गाभा आहे, आणि लिनक्सचा परवाना म्हणतो की कोड लोकांना द्या, बदलू द्या. पण तो परवाना १९९१ चा. बदललेला कोड त्याच यंत्रावर चालला पाहिजे, त्यासाठी लागणारी किल्लीही द्या, हे त्या परवान्याच्या २००७ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत आलं, आणि लिनक्स जुन्या आवृत्तीवरच राहिलं. त्यामुळे कंपनीची डिजिटल सही नसलेली सिस्टिम असा टॅब सुरूच करत नाही. सही तपासून सिस्टिम सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, उघडून द्यायचा की नाही, हे ती कंपनी ठरवते.

इंटरनेटवर ‘पाच मिनिटांत अनलॉक’वाली सॉफ्टवेअरं मिळतात. ती मी दुकानात येऊ देत नाही. ज्या वाटेनं त्या मुलीचा टॅब उघडेल, त्याच वाटेनं चोरीचाही उघडेल, आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय घुसेल ते वेगळंच.

तेव्हा टॅब घेताना सही करता तिथंच विचारा, वर्ग संपल्यावर याचा नंबर यादीतून कोण काढणार? तसं लिहून मागा. आधीच अडकला असाल तर आयएमईआय नंबर आणि वाटपाची पावती जोडून, ज्यांनी टॅब वाटला त्यांच्याकडेच अर्ज करा आणि पोच घ्या. ‘लॉक काढा’ एवढंच लिहिलं तर रिसेट करा म्हणून परत पाठवतात. ‘मॅनेजमेंटच्या यादीतून नंबर काढा’ असंच लिहा. अर्जाचा नमुना दुकानात आहे. झेरॉक्सचे दोन रुपये.